आपोआप सुरू होणारी कामं

फोन वाजला तेव्हा ती डोळ्यांच्या दवाखान्यात वहिनीचा हात धरून बसली होती. धरून म्हणजे वहिनीनेच धरला होता, हिने फक्त काढून घेतला नव्हता. वहिनीच्या डोळ्यांत थेंब घालून अर्धा तास झाला होता, तिला आता समोरचं सगळं दुधाळ दिसत होतं आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. बाकड्यांवर वीस-बावीस माणसं. भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद, तरी डोळ्यांत थेंब घातलेली ही सगळी मंडळी माना वर करून त्याच्याकडे बघत होती. न दिसणाऱ्यांनी न ऐकू येणारं बघायचं, म्हणजे कमाल झाली. काउंटरवरची मुलगी दर पाच मिनिटांनी सांगत होती की नंबर आल्यावर नाव पुकारलं जाईल, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी उठून माझा नंबर कधी, असं विचारत होतं. एवढं साधं वाक्य यांच्या डोक्यात शिरत नाही आणि हे लोक घरं चालवतात, पोरं वाढवतात, मतं देतात. वहिनीने तिचा हात दाबला. "वन्सं, तुमचा फोन." जणू तिला ऐकूच आलं नव्हतं.

तपासणीवालीचा फोन होता. औषधांच्या मालाची तपासणी करणारी, एकोणतीस वर्षांची, दर वाक्याआधी श्वास घेऊन बोलणारी. "मॅडम, सुट्टीच्या दिवशी त्रास द्यायचा नव्हता, पण साहेब म्हणाले कळवून ठेव. सकाळी मशीन अडकलं होतं. साहेबांनी बंद करून परत सुरू केलं. सगळं चालू झालंय."

"सगळं?"

"हो. शाखा जोडल्या जात नव्हत्या, वीसेक मिनिटं गेली. पण साहेबांनी शोधून काढलं. पहिल्या गाड्या वेळेत सुटतील. तुम्ही राहा हो आरामात."

आरामात. फोन ठेवल्यावर तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर वीसच मिनिटं? साहेबाला निदान दुपारपर्यंत तरी लागेल, असं तिने गृहीत धरलं होतं.

कंपनी औषधं पोचवायची. मोठमोठ्या कारखान्यांतून माल यायचा, इथल्या हॉलमध्ये खोक्यांत भरला जायचा आणि दोनशेच्या वर दवाखान्यांत आणि दुकानांत जायचा. कुठलं खोकं कुठे, कधी, कुठल्या गाडीतून, हे सगळं हॉलच्या मागच्या थंड खोलीतलं कपाटाएवढं काळं मशीन ठरवायचं, आणि त्या मशीनला काय करायचं ते सव्वीस वर्षं ती सांगत आली होती. हॉलमध्ये तिला मशीनबाई म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. तोंडावर मॅडम. असलं मशीन रोज बंद होत नाही. वर्षातून एकदा-दोनदा, तेही ठरवून. आणि ते परत जागं होतं तेव्हा एक-एक काम आपोआप सुरू होत जातं: छपाईयंत्रं उठतात, मागण्या घेणारं काम उठतं, साठ्याची मोजणी उठते. काय उठवायचं, कुठल्या क्रमाने, ही यादी मशीनच्या पोटात असते, आणि ती यादी तिने लिहिली होती. कुणाला हवं तर कामांच्या सगळ्या रांगा आधी धरून ठेवता येतात, म्हणजे मशीन जागं होतं पण काम एकही सुटत नाही. मग बघून-बघून एकेक सोडायचं. नव्या साहेबाला तेच हवं होतं. तीन वर्षं झाली तरी तो नवाच. मागच्या महिन्यात तो तिच्या खोलीत येऊन उभा राहिला होता, हात मागे बांधून, शाळेत तपासणीला आल्यासारखा. "मॅडम, मशीन सुरू झाल्यावर काय-काय आपोआप चालू होतं आणि काय तुम्ही हाताने करता, ते सगळं कागदावर द्या ना. उद्या तुम्ही नसाल तर?" सहा महिन्यांनी ती निवृत्त होणार होती, ते त्याने तोंडातून काढलं नाही. शिष्टाचार शिकून आला होता. तिने कागद दिला. कामं चौदा होती, तिने बारा लिहिली.

ती दोन विसरली नव्हती. एक म्हणजे गावोगावच्या शाखा मशीनला जोडणारं काम, जे आपोआप सुरू व्हायचं नाही, हाताने करावं लागायचं. ते गाळताना तिच्या डोळ्यांसमोर चित्र होतं: तो घामाघूम, शाखांचे फोनवर फोन, आणि शेवटी तिला फोन. ती लगेच उचलणार नव्हती. हे ती कुणाकडून शिकली होती तेही तिला माहीत होतं. जुने साहेब निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मशीन असंच अडकलं होतं आणि तिला त्यांच्या घरी फोन करावा लागला होता. पलीकडे ते काहीतरी खात होते. चावून झाल्यावर म्हणाले, "अगं, तुला तर सगळं येतं ना?" मग पाणी प्यायले. मग म्हणाले, "पेन घे." तिने पेन घेतलं होतं. उत्तर एका ओळीचं होतं आणि ते काढायला त्यांनी पाऊण तास लावला, तब्येतीची चौकशी, हॉलमध्ये कोण आहे कोण गेलं, तेव्हा मीच होतो म्हणून, आणि ती हो साहेब, हो साहेब करत राहिली. त्या दिवशी फोन ठेवताना तिला इतकी किळस आली होती की तिने हात धुतले होते. आणि तरीही, नाही, तरीही नाही. म्हणूनच. आपण सोसलं ते पुढच्याने का सोसू नये? पण पुढच्याने वीस मिनिटांत शोधून काढलं आणि फोनही स्वतः केला नाही.

दुसरं काम तिला आठवलं तेव्हा काउंटरवरची मुलगी कुणाचं तरी नाव पुकारत होती. हॉलमध्ये एखाद्या मालाला थांबा लावायचा असला की मशीनमध्ये त्याच्यापुढे खूण करतात. पडद्यावर ती लाल दिसते म्हणून सगळे 'लाल केलं' म्हणतात. लाल माल मशीन गाडीत चढू देत नाही. खूप वर्षांपूर्वी ही खूण मशीन स्वतः लावायचं, कुणीतरी खोकं हाताळतंय तोवर दुसऱ्याने हात लावू नये म्हणून, आणि खोकं बंद झालं की स्वतःच काढायचं. मध्येच मशीन बंद पडलं की त्या खुणा तशाच राहायच्या. अर्धा हॉल विनाकारण लाल. म्हणून तिने एक छोटं काम लिहिलं: मशीन जागं झालं की पहिल्यांदा सगळं लाल पुसून टाकायचं. जुने साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "डोकं आहे या बाईला." पुढे तपासणीवाल्यांनी तीच खूण वापरायला घेतली, सदोष मालासाठी. तिला विचारून नाही. त्यांना कोण सांगणार, ते शिकलेले. तेव्हापासून दर वेळी मशीन बंद करण्याआधी ती तपासणीच्या लाल खुणा कागदावर उतरवून घ्यायची आणि सुरू झाल्यावर हाताने परत लावायची. अकरा मिनिटांचं काम. इतक्या वर्षांत कुणाला कळलं नाही, आणि कुणाला कळलं नाही याचाच तिला आनंद होता, दागिना पेटीत कुलूप लावून ठेवल्यासारखा. कागद लिहिला त्या दिवशी एकही माल लाल नव्हता. गाळताना तिने फक्त एवढाच विचार केला होता, की हे त्याला कशाला सांगायचं.

काल संध्याकाळी तपासणीवालीने लहान मुलांच्या इंजेक्शनचा एक अख्खा गट लाल केला होता. बुचं सैल होती. काही बाटल्यांत हवा जात होती. हवा जाते म्हणजे हवेबरोबर काय जातं ते सांगायची गरज नाही. श्वास घेऊन ती म्हणाली होती, "मॅडम, एकशे चाळीस खोकी. उद्या कारखान्याची माणसं येऊन नेणार आहेत, तोपर्यंत लाल." आणि हिने मान न वळवता म्हटलं होतं, "मग कर ना. मला कशाला सांगतेस?"

आता पडद्यावर ती एकशे चाळीस खोकी हिरवी असणार. मशीनला मागणी दिसणार, माल दिसणार, मशीनला काय. पहिल्या गाड्या दहाला सुटतात. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

तिने हॉलच्या मुकादमाला फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. परत लावला. तिला डोळ्यांसमोर दिसलं, तो खिशातून फोन काढतोय, तिचं नाव बघतोय आणि परत खिशात टाकतोय; गेल्या दहा वर्षांत तिने त्याला एकदाही काही चांगलं सांगायला फोन केला नव्हता. तपासणीवालीचा फोन व्यस्त. राहिला तो. त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"बोला मॅडम."

मागे हॉलचा आवाज होता, ढकलगाड्यांची चाकं, कुणीतरी मोठ्याने आकडे वाचत होतं. बोला मॅडम, दोनच शब्द, आणि त्यांत काही नव्हतं, ना राग, ना विजय. शाखांचा उल्लेखही नाही. त्याच्या जागी ती असती तर तिने एवढ्यात चार टोमणे मारून घेतले असते. हा माणूस टोमणाही मारत नाही, एवढीही लायकी नाही त्याची, असं तिच्या मनात आलं, आणि जिभेवर आलेलं वाक्य तिथेच बसून राहिलं. "काही नाही," ती म्हणाली. "सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. वहिनींचं कसं आहे?"

"आहे," असं म्हणून तिने फोन बंद केला.

मग ती बसून राहिली. किती वेळ, ते तिने नंतर मोजलं: सात मिनिटं. त्या सात मिनिटांत ती हिशेब लावत होती, की बुचं सगळीच सैल नसतील. तपासणीवाली घाबरट आहे. खोकी कदाचित हॉलच्या मागच्या कोपऱ्यात वेगळी ठेवली असतील आणि कुणाच्या हाताला लागणार नाहीत. मुकादम इतकी वर्षं आहे, त्याच्या लक्षात येईल. मुकादमाच्या लक्षात येईल! ज्या माणसाला ती आजवर ढकलगाडीचं पाचवं चाक समजत आली, त्याच्या अकलेवर ती आता भिस्त ठेवत होती. हे लक्षात आल्यावर तिला हसू आलं, घशातल्या घशात.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"ऑफिसचं आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"नाहीच कळायचं," वहिनी म्हणाली. दादा गेल्यापासून दोघी एकाच घरात होत्या, बारा वर्षं, आणि त्याआधी लग्न होऊन वहिनी घरात आली तेव्हापासून धरली तर चाळीस. चाळीस वर्षांत वहिनीने 'असू दे' याखेरीज कुठल्याही गोष्टीवर मत दिल्याचं हिला आठवत नव्हतं. दूध उतू गेलं, असू दे. दादाने नोकरी सोडली, असू दे. हिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही वहिनी तिच्या खोलीच्या दारात येऊन, असू दे, म्हणून गेली होती, आणि त्या दोन शब्दांसाठी हिने तिला कधी माफ केलं नव्हतं. आता तीच वहिनी पांढुरक्या डोळ्यांनी हिच्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे बघत विचारत होती, "कुणाचं बरंवाईट होईल का?"

"होऊ शकतं."

"मग बसलात काय?"

"तुमचा नंबर यायचाय. तुम्हाला दिसत नाहीये."

"मी काय पळून जातेय? जा तुम्ही." आणि वहिनीने हात सोडला. शेजारच्या माणसाला ती लगेच सांगायला लागली, की आमच्या वन्सं मोठ्या कामावर आहेत, मला जरा नाव पुकारलं की उठवा हो.

टॅक्सीतून तिने परत फोन लावले: मुकादम उचलेना, तपासणीवालीचा अजून व्यस्त, साहेबाला चार वेळा. त्याने उचलला नाही. तो तेव्हा मशीनच्या खोलीत होता आणि तिथल्या पंख्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? टॅक्सीवाला रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलत होता. प्रत्येक सिग्नलला तो गाडीचं इंजिन बंद करायचा आणि परत चालू करायचा, आणि तिला त्याच्या मानेत पेन खुपसावंसं वाटत होतं. ती पोचली तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. फलाटावर सातांपैकी चार गाड्या उभ्या होत्या.

ती चपला फटफट वाजवत हॉलमधून गेली आणि मधोमध उभी राहून ओरडली, "गाड्या थांबवा! मुलांचं इंजेक्शन उतरवा, सगळं!" माणसं थांबली, पण गाड्या थांबवायला नव्हे, तर तिच्याकडे बघायला. मशीनबाईला हॉलमध्ये ओरडताना कुणी पाहिलं नव्हतं. मुकादम म्हणाला, "मॅडम, मशीनवर हिरवं आहे." त्याच्या आवाजात खोट नव्हती. मशीनवर हिरवं असेल तर ते हिरवंच, हे तिनेच त्याला शिकवलं होतं, दहा वर्षं, अपमान करकरून.

तपासणीवाली धावत आली, पडदा बघितला आणि तोंडावर हात ठेवला. तिच्यामागून साहेब आला. त्याला समजायला तीन वाक्यं पुरली. चौथं तो बोलला ते मुकादमाला: सुटलेल्या तिन्ही गाड्यांना फोन लाव. मग तो तिच्याकडे वळला. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं.

"हे यादीत नव्हतं, मॅडम."

"नव्हतं."

"विसरलात?"

त्याने तो शब्द खाली ठेवला, तिच्या पायाशी, हळूच, पडलेल्याला काठी द्यावी तसा. हो म्हटलं की संपलं. सत्तावन्नचं वय, सव्वीस वर्षांची सवय, माणूस विसरतो. सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या, तपासणीवालीने तर डोळ्यांत पाणी आणलं असतं. आणि तिला नेमकं तेच सोसलं नाही. याच्याकडून दया घ्यायची? ज्याला तिने महिनाभर मनातल्या मनात तोंडावर आपटताना पाहिलं होतं, त्याने टाकलेलं हे तुकडाभर मोठेपण उचलून पदरात घ्यायचं? तिने त्याच्या नीट इस्त्री केलेल्या कॉलरकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही. मुद्दाम लिहिलं नव्हतं. शाखांचंही."

मुकादमाने नजर खाली घातली, आणि तिला तेवढ्यात दिसलं की हा माणूस तिची लाज स्वतःला वाटून घेतोय. याची तरी काय गरज होती?

दोन गाड्या वाटेतूनच फिरल्या. तिसरीचा फोन लागेपर्यंत पावणेअकरा झाले, आणि त्या गाडीने एक खोकं मुलांच्या एका छोट्या दवाखान्यात उतरवून दिलं होतं. "फोन कोण करणार?" साहेबाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन तिच्यापुढे सरकवला. हे मात्र तिला आवडलं. पलीकडे परिचारिका होती, घाईतली. हिने गटाचा नंबर सांगितला, वापरू नका म्हणून सांगितलं. "थांबा, बघते," म्हणत परिचारिकेने फोन कुठेतरी टेबलावर ठेवला. मग त्या दवाखान्याचे आवाज. कुणीतरी भांडं पाडलं. एक मूल रडत होतं, सलग नाही, थांबून-थांबून, कुणी ऐकतंय का ते मध्येच तपासत असल्यासारखं. बाई कसली तरी समजूत काढत होती. सव्वीस वर्षं ती खोकी पाठवत आली होती आणि खोकं उघडतं तिथला आवाज आज पहिल्यांदा ऐकत होती. परिचारिका परत आली. "एक दिलंय," ती म्हणाली. "दहा मिनिटं झाली. तीन वर्षांची मुलगी आहे, पायाला गळू झालंय." आणि मग, हिने काही बोलायच्या आत, "तुम्ही लोक काय झोपा काढता का हो तिथे?"

"नाही," ती म्हणाली. "जागेच असतो."

डॉक्टरांनी मुलीला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, ताप बघत राहिले. रिकामी बाटली तपासणीवालीने स्वतः जाऊन आणली. बूच घट्ट होतं. साडेसहाला दवाखान्यातून निरोप आला की मुलगी खेळतेय, घरी सोडतोय. हॉलमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिला त्या टाळ्यांचा इतका राग आला की ती पर्स तिथेच विसरून निघाली. बूच घट्ट होतं यात कुणाची हुशारी? एकशे चाळीस खोक्यांपैकी एकात हात गेला आणि त्याला चांगली बाटली लागली, म्हणून हे लोक टाळ्या वाजवतात. घरी वहिनी डोळ्यांवर काळा चष्मा लावून, पाय वर घेऊन बसली होती. दवाखान्यात शेजारी बसलेल्या त्या अनोळखी माणसाने तिला घरापर्यंत सोडलं होतं. "काही झालं नाही ना?" वहिनीने विचारलं.

"नाही."

"मग असू दे."

ती स्वयंपाकघरात जाऊन गॅसपुढे उभी राहिली, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण गॅस पेटवलेलाच नाही.

तिला काढलं नाही. वरून पत्र आलं, समज दिल्याचं, पाच ओळींचं, त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका. काढलं नाही कारण यादी अजून तिच्या डोक्यात होती. एवढं न कळायला ती काही वहिनी नव्हती. रविवारी सकाळी, हॉल रिकामा असताना, साहेबाने मशीन ठरवून बंद केलं आणि परत सुरू केलं, या वेळी सगळ्या रांगा धरून. मशीन जागं झालं आणि गप्प बसून राहिलं. एकही काम सुटलं नाही. इतक्या वर्षांत तिने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं, उठलेलं पण काहीच न करणारं. साहेब तिच्या खुर्चीत बसला, ती बाजूच्या स्टुलावर, तपासणीवाली मागे उभी. तो एकेका कामाचं नाव वाचायचा, ती सांगायची ते काय करतं, कुणी लिहिलं, का. तो लिहून घ्यायचा आणि मगच ते काम सोडायचा. लाल पुसणारं काम त्याने सोडलं नाही, कायमचं बंद केलं. ते काम वाईट लिहिलेलं नव्हतं. दोन तासांत चौदा झाली.

"आणखी काही?"

"नाही."

त्याने मान हलवली आणि यादी मिटायच्या ऐवजी मशीनच्या पोटातला मूळ मजकूर उघडला, पहिल्या ओळीपासून. चारशेच्या वर ओळी. तो बोटाने एकेक ओळ खाली सरकत वाचायला लागला. तिच्या शब्दावर विसंबला नाही, आणि ते तिच्यादेखतच केलं. तीन वर्षांत पहिल्यांदा या माणसाने काहीतरी अकलेचं केलंय, असं तिला वाटलं. तीही वाचू लागली. अर्ध्या तासाने त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथून एक पंधरावं काम उठत होतं. नाव तिने पूर्वी पाहिल्यासारखं, पण अर्थ लागेना. जुन्या साहेबांच्या हातचं असावं. तिचंही असू शकेल.

"हे काय करतं, मॅडम?"

तिने पुढे वाकून वाचलं. परत वाचलं. मागे तपासणीवालीने श्वास घेतला.

"आठवत नाही," ती म्हणाली. "खरंच आठवत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला, नम्रपणे, पुरेसा वेळ. मग त्याने कागदावर लिहिलं: पंधरा, मॅडमना आठवत नाही. ती स्टुलावरून वाचत होती. पेन उचलून तो पुढच्या ओळीकडे निघाला होता. पण थांबला, परत आला आणि 'मॅडमना'च्या पुढे, वरच्या बाजूला, बारीक अक्षरांत एक शब्द घातला: म्हणे.